काश्मीर खोरं: मधोमध नदी असताना जुनी वस्ती टेकाडावर का?

पाणसळ (धागाकर्ता)

आपल्याकडे पहिल्या शेतकऱ्यांची गावं शोधायची तर नदीचा काठ धरून चालायचं. नेवासे आणि दायमाबाद प्रवरेवर, इनामगाव घोडनदीवर. काश्मीरच्या नकाशावर हा हिशेब जुळत नाही. वेरीनागला उगम पावणारी झेलम (जुनी वितस्ता) अनंतनाग, श्रीनगर, वुलर, सोपोर, बारामुल्ला अशी खोऱ्याच्या मधून जाते. पण बुर्झहोम आणि त्रालजवळचं गुफक्राल, ही दोन्ही गाजलेली नवाश्मयुगीन ठिकाणं करेव्यांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या मातीच्या टेकाडांवर आहेत. पाणी खाली आणि घरं वर. असं का? शत्रूच्या भीतीनं, हे उत्तर मला पटत नाही, कारण बुर्झहोमला तटबंदी नाही.

चहाटळ

हाऊसबोटींचं बुकिंग फुल्ल असणार.

धोंडेगिरी

उत्तर खोऱ्याच्या घडणीत आहे, म्हणून आधी तेवढं पाहू.

खोरं साधारण १३५ किमी लांब, ३२ ते ४० किमी रुंद. श्रीनगरची उंची सुमारे १,५८५ मीटर. नैऋत्येला पीर पंजाल, ईशान्येला मुख्य हिमालयाची रांग. बाहेर पडायला पाण्याला वाट एकच, बारामुल्ल्याची घळ. भोवताली उंच कडा आणि कडेला एकच खाच असलेली परात समजा. ती खाच बुजली की परात भरणार.

आणि ती भरलेली होती. साधारण ४० लाख वर्षांपूर्वीपासून पीर पंजाल उचलला जाऊ लागला, निचरा अडला, सरोवर साचलं. त्यात चिखल, वाळू, गोटे थरावर थर बसले. याच गाळाला भूशास्त्रात करेवा म्हणतात, आणि काही जागी त्याची जाडी हजार मीटरच्या वर आहे. पीर पंजाल पुढेही उचलतच राहिला, त्यामुळे सरोवर ईशान्येकडे ढकललं गेलं आणि शेवटी बारामुल्ल्याकडून रिकामं झालं. पीर पंजालच्या बाजूचे जुने थर म्हणून तिरके झालेले दिसतात आणि हिमालयाच्या बाजूचे बरेचसे आडवेच राहिले. खालच्या थरांत शिंगाड्याचे जीवाश्म सापडतात. शिंगाडा उथळ, संथ पाण्यातला. तो डोंगरउतारावरच्या दगडात सापडतो, यावरून जमीन किती उचलली याचा अंदाज घ्या. हंदवाड्याजवळ निचहोमाला याच गाळात लिग्नाइट कोळसा आहे.

सरोवर गेल्यावर नद्यांनी हा गाळ कापला. मधे सखल पूरमैदान राहिलं आणि कडेनं शे-तीनशे फूट उंचीचे सपाट माथे उरले. पांपोर, मट्टन, पट्टण, श्रीनगरचा विमानतळ असलेला दामोदर करेवा, बुर्झहोम, सगळे त्यातलेच.

आता पाणसळ यांचा प्रश्न. सखल मैदान म्हणजे त्या सरोवराचा तळच. श्रीनगर आणि वुलर यांच्या पातळीत जेमतेम काही मीटरचा फरक आहे. बर्फ वितळून किंवा पावसानं नदी फुगली की पाणी पुढे सरकत नाही, आडवं पसरतं. बांध नसलेल्या काळात हा पट्टा दलदलीचा असणार. तिथे कोण घर बांधेल?

निळावंती

वाचतेय. नीलमतपुराणात नेमकं हेच आहे की! सतीसर नावाचं सरोवर, त्यात जलोद्भव राक्षस, तो पाण्यात असेपर्यंत मरत नाही, म्हणून डोंगर फोडून पाणी बाहेर काढलं आणि कश्यपानं खोरं वसवलं. डोंगर फुटला तो बारामुल्ल्याकडेच. ही खऱ्या घटनेची आठवण असू शकेल का?

धोंडेगिरी

निळावंतीताई, काळ जुळत नाही. मोठं सरोवर रिकामं झालं त्याला कितीतरी हजार वर्षं लोटल्यावर इथली पहिली गावं वसली. इतकी लांब आठवण तोंडी टिकणं अवघड. पण कथा रचणाऱ्यांची नजर पक्की होती, हे मान्य. सपाट तळ, मातीतले शिंपले, एकच अरुंद घळ आणि दर पुरात पुन्हा होणारं सरोवर, एवढं समोर असताना ‘इथे पूर्वी पाणी होतं’ हे सांगायला आठवण लागत नाही.

निळावंती

पटलं, तरी मला ती कथाच जास्त आवडते. त्याच पुराणात पहिला बर्फ पडेल त्या दिवशी बर्फावर बसून नवं मद्य प्यावं असा विधी सांगितलाय, तोही नोंदवून ठेवते.

चहाटळ

शेवटी एकदाचं मनासारखं व्रत सापडलं.

खापरखोदू

बुर्झहोमबद्दल नेमकं सांगतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

जागा श्रीनगरच्या ईशान्येला, दल सरोवर आणि डोंगर यांच्या मधल्या करेव्यावर. १९३५ साली द टेरा आणि पॅटरसन यांनी तिची नोंद घेतली. मोठं उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं टी. एन. खजांची यांच्या देखरेखीखाली १९६० ते १९७१ मध्ये केलं.

पहिला टप्पा खड्डेघरांचा, साधारण इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा. खड्डे गोल किंवा लंबगोल, तोंड अरुंद आणि तळ रुंद. सगळ्यांत खोल खड्डा तोंडाशी २.७४ मीटर, तळाशी ४.५७ मीटर आणि खोली ३.९६ मीटर. खोल खड्ड्यात काही पायऱ्या वरच्या भागातच आहेत, पुढे शिडी लावत असावेत. भिंतींना मातीचा गिलावा. तोंडाभोवती खांबांची भोकं, म्हणजे वर लाकडी सांगाड्याचं छप्पर होतं. आत राख, कोळसा, खापरं. तोंडाजवळ दगडमातीच्या चुली आणि बाजूला ६० ते ९० सेंटिमीटर व्यासाचे साठवणीचे छोटे खड्डे. भांडी हातानं घडवलेली, जाड, बऱ्याच बुडांवर चटईचे ठसे.

दुसऱ्या टप्प्यात लोक वर आले. खड्डे भरून त्यांवर जमीन केली, माती आणि कच्च्या विटांची घरं बांधली. पुरताना हाडांना गेरू लावलेला आढळतो, माणसाबरोबर कुत्राही पुरलेला आहे. एका कवटीला छिद्रं पाडलेली आहेत. शिकारीचं दृश्य कोरलेली शिळा आहे, तिच्यात दोन सूर्य दिसतात. एका मडक्यात साडेनऊशेच्या आसपास मणी निघाले, कार्नेलियन या लालसर दगडाचे वगैरे. हा दगड काश्मिरातला नाही, म्हणजे मैदानी भागाशी देवाणघेवाण होती. भोकं पाडलेले आयताकृती दगडी विळे मात्र उत्तर चीनकडच्या विळ्यांसारखे. तिसऱ्या टप्प्यात उभे केलेले मोठे दगड येतात.

मातीपारखी

धोंडेगिरींच्या उत्तरात एक थर राहिला. करेव्याच्या माथ्यावर सरोवराचा गाळ नाही, वाऱ्यानं आणून टाकलेली बारीक पिवळसर माती आहे, लोएस. खड्डेघरं शक्य झाली ती तिच्यामुळे.

लोएसमध्ये रेतीपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा जाड कण असतात, आणि थोडा चुना त्यांना बांधून ठेवतो. त्यामुळे ती हाडाच्या किंवा लाकडाच्या टोकानंही उकरता येते, तरी उभी कापलेली भिंत टिकते. तळ रुंद करत नेला तरी तोंड ढासळत नाही. हेच पुरातल्या गाळात करून पाहा, हातभर खाली गेलात की पाणी लागेल आणि कडा आत येईल. दगडी हत्याराच्या माणसाला नांगराशिवाय कसता येईल अशी मोकळी, निचऱ्याची जमीनही तीच. गहू, जव, मसूर ही त्यांची पिकं, त्यांना साचलेलं पाणी चालत नाही.

पाऊसमानही बघा. पीर पंजाल मोसमी वारे बरेचसे अडवतो. खोऱ्यातलं पाणी मुख्यतः हिवाळ्या-वसंतात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांचं. शरदात पेरलेल्या गव्हाला बर्फ आणि वसंतातला पाऊस पुरतो, कालवा लागत नाही. म्हणजे ‘पाणी खाली, घरं वर’ ही अडचण आपल्याला वाटते तेवढी नव्हती. प्यायला झरे-ओढे होते, पिकाला आकाश.

पण खड्ड्यात माणसं हिवाळाभर राहत होती यावर माझा विश्वास नाही. १९९० नंतर काही पुरातत्त्वज्ञांनी हे खड्डे धान्याची पेवं असावीत असं मांडलं, ते मला जास्त पटतं. अरुंद तोंड आणि रुंद पोट हा पेवाचाच आकार. कारण उघड आहे: झाकायचं तोंड जितकं लहान तितकी ओल आणि हवा कमी. चार मीटर खोल, धूर जायला वाट नाही, फेब्रुवारीत बर्फ वितळू लागला की पाणी आत. कोण राहील?

खापरखोदू

मातीपारखी, पेवात राख आणि चूल कशाला? पायऱ्या कशाला? आणि पेवासाठी साठवणीचे वेगळे खड्डे शेजारीच आहेत, ते कसले? पाण्याचं म्हणाल तर छपराची कड तोंडाच्या बाहेर नेली आणि भोवती मातीचा उंचवटा केला की भागतं.

थंडीचं गणितही खड्ड्याच्या बाजूचं. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. बाहेर पारा शून्याखाली असताना तीन-चार मीटर खालची माती वर्षाच्या सरासरीच्या आसपास राहते, गोठत नाही.

मातीपारखी

राख कचऱ्याचीही असते. पेव निकामी झालं की पहिला उपयोग उकिरडा म्हणूनच होतो, हे कुठल्याही उत्खननात दिसतं. उथळ, चौकोनी आणि चूल असलेले खड्डे राहण्याचे, हे मी मान्य करतो. खोल बाटलीच्या आकाराचे नाही. दोन्ही प्रकार एका नावाखाली मोजल्यामुळे गोंधळ झालाय.

खापरखोदू

या वाटणीला माझी हरकत नाही. पण ‘पहिल्या टप्प्यात कुणी राहतच नव्हतं’ एवढं टोक गाठू नका.

गवतफुला

अवांतर: केशरही करेव्यावरच होतं ना? त्याचं कारणही हेच का?

मातीपारखी

हो, निचरा. केशराचा कंद पाण्यात बसला की बुरशी येऊन सडतो, आणि रोगट कंद शेजारच्यांना घेऊन जातो. म्हणून पांपोरच्या करेव्यावरही सपाट वाफा करत नाहीत, मधे किंचित फुगीर ठेवून चारी बाजूंनी चर काढतात. कंद जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, १२ ते १५ सेंटिमीटर खोल. आठ ग्रॅमच्या आतला कंद पहिल्या वर्षी बहुधा फुलत नाही, तो नुसती पानं देतो. फुलं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, खुडायची ती सकाळी, उन्हानं मलूल व्हायच्या आत. किलोभर सुक्या केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात.

पीक बुडतं ते दोन कारणांनी. सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडा गेला तर फुलं कमी येतात. आणि जुनी पद्धत अशी की एकदा लावलेले कंद दहा-पंधरा वर्षं उचलायचेच नाहीत. मग एका जागी पिल्लांची दाटी होते, कंद बारीक होत जातात. चार-पाच वर्षांनी उचलून, निवडून, पुन्हा लावणं हा त्यावरचा उपाय. बाकी करेव्याची माती भरावासाठी खणून नेतात, त्यावर उपाय नाही. लाखो वर्षांचा थर एकदा ट्रकमध्ये गेला की गेला.

बखरबहाद्दर

खालच्या मैदानाचा इतिहास कुणी काढला नाही म्हणून लिहितो. लोक खाली आले, पण पाण्याशी झगडून. त्याचं सगळ्यांत तपशीलवार वर्णन कल्हणाच्या राजतरंगिणीत (११४८-५० च्या सुमारास लिहिलेली), पाचव्या तरंगात आहे. राजा अवंतिवर्मा, राज्यकाळ ८५५ ते ८८३. त्याचा अभियंता सुय्य.

आधीच्या दुष्काळांत भाताच्या एका खारीला (खारी हे धान्याचं माप) १,०५० दिन्नार पडत. दिन्नार म्हणजे सोन्याचं नाणं समजू नका, काश्मिरात ते हलकं मोजमाप होतं. सुय्यानं खजिन्यातली नाण्यांची मडकी घेतली आणि यक्षदर नावाच्या जागी, म्हणजे बारामुल्ल्याच्या खालच्या अंगाला, नाणी ओंजळीनं नदीत फेकली. दरबारी म्हणाले, वेडा आहे. डोंगरावरून घरंगळलेल्या शिळांनी तिथे पात्र अडलं होतं. उपाशी गावकरी नाण्यांसाठी पाण्यात उतरले आणि शोधता शोधता त्यांनीच शिळा बाहेर काढल्या. पाणी उतरलं.

ही गोष्ट सगळे सांगतात, खरं काम पुढे आहे. त्यानं नदीला दगडी बांध घालून सात दिवस अडवलं, तेवढ्यात तळ साफ करून घेतला, वरून पुन्हा दगड घरंगळू नयेत म्हणून भिंती बांधल्या आणि मग बांध सोडला. पुरात जिथे जिथे काठ फुटायचा तिथे नवं पात्र काढून दिलं. सिंधू (ही काश्मिरातली छोटी सिंधू) आणि वितस्ता यांचा संगम हलवला. वुलर, म्हणजे तेव्हाचं महापद्मसर, त्याच्या बाजूनं बांध घातले. वाचलेल्या जमिनीत गावं वसवली.

शेवटचं काम मला सगळ्यांत हुशारीचं वाटतं. गावोगावची माती मागवली, तिला पाणी घातलं, वाळायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि त्यावरून कुठल्या गावाला किती दिवसांनी पाणी द्यायचं ते ठरवलं. पाळीपत्रकच! भाताचा भाव खारीला सुकाळातल्या २०० वरून ३६ दिन्नारांवर आला असं कल्हण म्हणतो. सोपोर म्हणजे त्याचंच सुय्यपूर.

धोंडेगिरी

यात एक वाद आहे. नदी नुसत्या गाळानं तुंबली, की एखाद्या भूकंपानं दरड कोसळून? काही भूकंपशास्त्रज्ञांच्या मते नवव्या शतकातल्या मोठ्या भूकंपानं बारामुल्ल्याच्या खाली दरड पडली आणि मागे पाणी साचलं. ‘डोंगरावरून घरंगळलेल्या शिळा’ हे कल्हणाचे शब्द त्याला जुळतात. मला हे शक्य वाटतं. तिथून खाली नदीचा उतार एकदम वाढतो, घळ अरुंद आहे, कडे ठिसूळ. मोहरा आणि उरीची वीजकेंद्रं तिथेच उभारली ती या उतारामुळे.

बखरबहाद्दर

पण अवंतिवर्म्याच्या आधी, ललितादित्याच्या काळातही (आठवं शतक) पूर काढून टाकण्याची कामं झाल्याचं कल्हण सांगतो. तेव्हाही दरडच पडली होती का? दुखणं जुनं आहे. भूकंपानं ते वाढलं असेल, पण त्यानं ते सुरू झालं नाही.

पाणसळ

दुखणं अजून तसंच आहे. १९०३ च्या पुरानंतर श्रीनगरच्या वर पादशाही बागेपासून होकरसरमार्गे पूरकालवा काढला, मूळ क्षमता सुमारे १७,००० क्युसेक. शहरातल्या पात्रातून साधारण ३५,००० क्युसेक जातं. सप्टेंबर २०१४ मध्ये वर संगम नावाच्या ठिकाणी १,१५,००० क्युसेकच्या पुढे पाणी आलं. दोन्हींची बेरीज करा, उरलेलं पाणी कुठे गेलं ते आपण टीव्हीवर पाहिलंय. पाणथळी भरून घरं बांधली आणि वुलरच्या काठच्या पाणथळीत गेल्या शतकात लावलेल्या विलोच्या झाडांच्या राया गाळ धरून बसल्या, हे आणखी वर. फुगलेलं पाणी सामावून घेणं हे वुलरचं काम, तेच आकसलंय.

सांदणी

अवांतर आहे, पण आपल्या धाग्यावर हे यायलाच हवं. या खोऱ्याचा आपल्याशी जुना धागा आहे. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी होता, आणि त्याचा आजा भास्कर काश्मिरातून दक्षिणेत आलेला. त्याच्याही आधी बिल्हण काश्मीर सोडून कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (सहावा) दरबारी आला.

चहाटळ

तेव्हा तिकडून इकडे यायचे, आता मे महिन्यात सगळा महाराष्ट्र तिकडे. उतार बदलला.

गवतफुला

मूळ प्रश्नाला परत येऊ का? वर राहणं सोयीचं होतं हे कळलं. मग पुढची सगळी नगरं नदीकाठी कशी? श्रीनगर, अवंतिपूर, बिजबिहारा...

बखरबहाद्दर

भात आणि होडी.

भाताला उभं पाणी लागतं. ते मिळतं बर्फ वितळतं त्या काळात, मे ते जुलै, ओढ्यांतून काढलेल्या पाटांनी. या पाटांना तिकडे कुल म्हणतात. करेव्याच्या माथ्यावर पाट चढवणं अवघड, आणि लोएसमध्ये पाणी उभंही राहत नाही. म्हणून भात आला की वस्तीचं वजन खाली सरकणार. त्यात संथ नदी हा मोठा फायदा. जो सपाटपणा पुरात बुडवतो, त्याच्यामुळेच खानबल ते बारामुल्ला नाव चालायची. चाकाची गाडी नसलेल्या खोऱ्यात भात, लाकूड, दगड सगळं पाण्यावरून. राजधानी सहाव्या शतकाच्या सुमारास प्रवरसेनानं पांद्रेठाणकडून हरी पर्वताकडे हलवली, त्याच्याच नावावर होड्यांचा पूल आणि मोठा सेतू म्हणजे बांध आहे. बांध घालणारं राज्य आधी आणि सखलातली राजधानी मागाहून, हा क्रम लक्षात घ्या.

खापरखोदू

बरोबर, फक्त ‘सगळी’ नगरं म्हणू नका. ललितादित्याचं मार्तंड मंदिर मट्टनच्या करेव्यावर आहे, त्याचं परिहासपूरही करेव्यावरच. हरवानचं बौद्ध स्थळ डोंगरउतारावर. आणि सखलातलं अवंतिपूर बघा: अवंतिस्वामी मंदिर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उकरलं तेव्हा अंगण गाळात बुडालेलं होतं. त्या गाळामुळेच ओवरीच्या खांबांचं कोरीवकाम शाबूत राहिलं. उघड्यावरचं मार्तंड आणि ते शेजारी ठेवून पाहिलंत की फरक कळतो.

सांदणी

जाणाऱ्यांसाठी: बुर्झहोमला काय दिसतं? खड्डे उघडे आहेत का?

खापरखोदू

उभे मोठे दगड आणि काही खड्डे. हरवानच्या ठशाच्या विटा श्रीनगरच्या लाल मंडीतल्या एसपीएस (श्री प्रताप सिंग) संग्रहालयात पाहता येतात.

मातीपारखी

त्याहून पाहण्यासारखं म्हणजे वाटेतल्या कापलेल्या दरडी. वरचा थर पिवळसर, एकजिनसी, पट्टे नसलेला, उभा तुटतो: तो लोएस. त्यात मधेच तांबूस-तपकिरी पट्टा दिसला तर ती जुनी जमीन, म्हणजे धूळ पडायची थांबून झाडी वाढली तो काळ. त्याखाली करडे, पातळ, आडवे पापुद्रे म्हणजे सरोवराचा तळ. खात्री करायची तर दोन्हींचा खडा ओला करून बोटांत चोळा. लोएस पिठासारखा विरघळतो, सरोवराची माती बोटाला चिकटून राहते. खडा खाली पडलेला उचला, दरडीतून काढू नका, वरचं कोसळतं.